केवलरामांच्या हेल्मेटातली हिरवी प्लेट

मी एक सर्किट प्लेट बोलतेय. कॉलेजात मला पीसीबी म्हणतात. पण पॉवर हाऊस बाजारातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्यांपासून माझ्या मालकांपर्यंत सगळे 'प्लेट'च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. रंग हिरवा, लांबी बोटभर. अंगावर तीन लाल दिवे, एक हिरवा दिवा, एक चिप आणि एक माइक. एवढीशी मी. पण माझ्या भरवशावर राहून एका माणसाचा हात मोडला आणि दुसऱ्याची नोकरी टांगणीला लागली. त्यामुळे माझी गोष्ट मी गोड करून सांगणार नाही.

माझा नकाशा काढला समृद्धी ठवकरने. ती दुर्गजवळ मरोद्याला राहते. वय तेवीस, इलेक्ट्रॉनिक्सची पदवी, डोकं गरम. एलईडीचं तिला वेड. मैत्रिणीच्या सायकलला लुकलुकणारा पट्टा, शेजारच्या दारावर नावाची उजळणारी पाटी, असलं काहीतरी ती सतत करत असते. आधी ती प्लेटा घरीच बनवायची. तांब्याचा पत्रा रसायनात बुडवून खरवडायची. त्या रसायनाने एकदा आईची परात काळी पडली.

"आता कणिक काय तुह्या डोक्यावर मळू?" रेणूताई ओरडल्या.

तेव्हापासून समृद्धी प्लेटा बाहेरून मागवायला लागली. लॅपटॉपवर नकाशा काढायचा, फाइल पाठवायची, जाडी निवडायची, रंग निवडायचा. हिरवा सगळ्यात स्वस्त, म्हणून मी हिरवी. एक प्लेट कोणी बनवून देत नाही, कमीत कमी पाच घ्याव्या लागतात. पाचजणींची मिळून किंमत आमच्या टपालखर्चापेक्षा कमी होती.

एवढं स्वस्त कसं पडतं, ते मला जन्मताच कळलं. गुजरातेतल्या त्या कारखान्यात एकाच मोठ्या तावावर वीस अनोळखी लोकांचे नकाशे शेजारीशेजारी छापतात आणि मग कापून वेगळे करतात. माझ्या डाव्या बाजूला कोणाच्या तरी माशांच्या काचपेटीचा दिवा होता, उजवीकडे कोणाच्या यंत्रमानवाचे डोळे. सगळ्या हौसेच्या वस्तू. हौस म्हणून न जन्मलेली त्या तावावर मी एकटीच होते.

छापण्याआधी कारखान्यातून समृद्धीला मेल गेला होता. 'तुमच्या नकाशात सुईच्या टोकाएवढं एक भोक आहे. चुकून आलंय का? काढून टाकायचं का?' तिने ताबडतोब उत्तर पाठवलं, 'काढू नका. त्याच्यामागे माइक बसणार आहे. आवाज तिथूनच आत येईल.' त्या भोकाभोवती तिने मुद्दाम मोकळी जागा ठेवली होती. माझ्या अंगावरची तेवढी एकच जागा रिकामी.

आता मी कशासाठी, ते सांगते.

समृद्धीचे बाबा केवलराम रसमड्याच्या एका रोलिंग मिलमध्ये, म्हणजे लोखंडी सळ्यांच्या कारखान्यात, ठेकेदाराकडे कामाला होते. सव्वीस वर्षं एकच काम. सळ्यांच्या मोळीला साखळी बांधायची, क्रेनच्या हुकात अडकवायची, वर केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरला हाताने इशारा द्यायचा आणि बाजूला व्हायचं. क्रेन निघाली की ऑपरेटर हॉर्न देतो. हॉर्न म्हणजे डोक्यावरून लोखंड येतंय, हटा. आणि केवलरामांना हॉर्न ऐकू येत नव्हता.

घरात हे कुकरमुळे कळलं. केवलराम ओट्याला टेकून पाणी पीत होते. त्यांच्या कानाशी सहा शिट्ट्या झाल्या. ते म्हणाले, "कुकर लावला नाही काय अजून?"

"बाबा, कान दाखवून घ्या," समृद्धी म्हणाली.

"मले बराबर ऐकू येते. तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस."

मग ती त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाबा, मी कोर्टात लग्न करून आली."

रेणूताईंच्या हातातला झारा खाली पडला. केवलराम पेपर वाचत राहिले. झाराही त्यांना ऐकू आला नाही.

त्या घरात शेवटचा शब्द मोठेबाबांचा असतो. मोठेबाबा म्हणजे केवलरामांचे मोठे भाऊ हिरालाल. मिलमधूनच इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाले, तेव्हापासून सगळ्या विषयांतले जाणकार. त्यांनी निकाल दिला, "आमी सगळेच थोडेथोडे बहिरे झालो. कोणी मेलं काय? मरोद्यात घरोघरी टीव्ही कावून एवढ्या मोठ्यानं लागते, तुले मालूम नाही काय?"

"मालूम आहे, म्हणून तं सांगून राहिली!"

"कान तपासले का कागद बनते. कागद बनला का ठेकेदार घरी बसवते. मंग चूल काय तुह्या डिग्रीवर पेटवतेस?"

मिलमध्ये दरवर्षी कानांची तपासणी व्हायची. एक माणूस यायचा, सगळ्यांच्या नावापुढे 'ठीक' लिहायचा आणि चहा पिऊन जायचा. अशी सव्वीस 'ठीक' केवलरामांच्या नावावर होती.

समृद्धी महिनाभर भांडली. मग थकली आणि तिने मला बनवायचं ठरवलं. बाबांना तिने मोबाइलवर क्रेनचा हॉर्न रेकॉर्ड करून आणायला लावलं. तो नेमका सूर ओळखायला चिपला शिकवलं. हॉर्न वाजला की तीन लाल दिवे डोळ्यांसमोर चमकतील, अशा बेताने मला हेल्मेटच्या पुढच्या छज्ज्याखाली बसवायचं होतं.

तिने अट घातली. "दोन महिने. फक्त दोन महिने. मग दुर्गला कानाच्या डॉक्टरकडे. कबूल?"

"कबूल."

"आईची शपथ?"

"शपथ कावून? म्हटलं ना, कबूल."

मोठ्या माणसांच्या या 'म्हटलं ना'वर तरुणांनी कधीही विसंबू नये. हे मी आज म्हणते. तेव्हा मला काय कळत होतं! मी नुकती पाकिटातून निघाले होते, अंगावर गरम कथील सांडत होतं आणि मला वाटत होतं, आपण कोणाच्या तरी कामाला येणार.

पहिली परीक्षा घराच्या व्हरांड्यात झाली. समृद्धीने मोबाइलवर हॉर्न वाजवला आणि मी भकाभका पेटले. केवलरामांनी हेल्मेट काढून मला पाहिलं, परत घातलं, म्हणाले, "पुन्हा वाजव." तिने वाजवला. "पुन्हा." दहा वेळा वाजवायला लावला. लहान मुलासारखे हसत होते. मोठेबाबा म्हणाले, "चला, शिकवल्याचा काहीतरी फायदा झाला." समृद्धीने दात आवळले. माझ्या वाट्याला स्तुती आली, तिच्या वाट्याला मात्र उपकाराची आठवण.

मिलमध्ये पहिल्या दिवशी सगळ्यांनी टर उडवली. "क्या केवलराम, बारात में जा रहा है क्या?" ते म्हणाले, "अंधेरे में दिखना चाहिए ना भाई." आणि विषय संपला.

मी माझं काम चोख केलं. भट्टीच्या गर्जनेतून, सळ्यांच्या खणखणाटातून मी बरोबर तेवढा एक सूर वेचून काढायचे आणि पेटायचे. केवलराम लगेच बाजूला व्हायचे. दिवसाला पन्नाससाठ वेळा. मला फार अभिमान वाटायचा.

पण मी त्यांच्या छज्ज्याखाली होते. त्यांचे डोळे माझ्याइतके जवळून कोणी पाहत नव्हतं. सुरुवातीच्या दिवसांत ते दर चार पावलांवर मान वर करून हुक कुठे आहे ते बघायचे. ऐकू येणं कमी होत गेलं तशी ही सवय त्यांनी स्वतःच स्वतःला लावली होती आणि तिनेच त्यांना इतकी वर्षं जगवलं होतं. माझ्या येण्यानंतर पंधरा दिवसांत ते आठ पावलांवर बघू लागले. महिन्याभराने मोळी बांधून झाल्यावर एकदाच. नंतर त्यांनी वर बघणं सोडून दिलं. दिवा आहे ना!

मला हे दिसत होतं. समृद्धीला दिसत नव्हतं. सांगायला मला तोंड नव्हतं.

दोन महिने झाले. "बाबा, डॉक्टर."

"पाहू ना. आता मालाची घाई आहे."

"बाबा, तुमी कबूल केलं होतं."

"विश्वकर्मा पूजा होऊन जाऊ दे. मंग जाऊ."

सतरा सप्टेंबर उजाडला. त्या दिवशी आमच्याकडे एकही मशीन चालत नाही. भट्टीवाले, क्रेनवाले, वेल्डर, सगळे आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून येतात. पाने, हातोडे, साखळ्या घासूनपुसून मांडतात, त्यांना हार घालतात आणि बुंदी वाटतात. घरची माणसंही मिल बघायला येतात. समृद्धी त्या दिवशी रायपूरला मुलाखतीला गेली होती. ती आली असती तर पुढचं काही घडलंच नसतं.

केवलरामांनी मला हेल्मेटातून सोडवलं. समृद्धीने मला प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं, तेही अलगद काढलं. पान्यांच्या रांगेत, हाराशेजारी मला ठेवलं. कुंकू पाण्यात कालवलेलं होतं. त्यांनी अंगठा बुडवला आणि माझ्या अंगावर टिळ्यासाठी जागा शोधली. चिप, दिवे, तारा, सगळीकडे गर्दी. एकच जागा मोकळी दिसली. तिथे त्यांनी अंगठा टेकवला, चांगला दाबून. मग हात जोडून डोळे मिटले. इतक्या श्रद्धेने माझ्याकडे कोणी कधी पाहिलं नव्हतं.

ओलं कुंकू सुईएवढ्या भोकातून आत गेलं आणि वाळलं.

त्यांनी मला गमछ्याने पुसलं, कव्हर घातलं, परत छज्ज्याखाली बसवलं. बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. हिरवा लागला म्हणजे प्लेट चालू, असं समृद्धीने त्यांना शिकवलं होतं. तो दिवा फक्त बॅटरी आहे एवढंच सांगतो. मला ऐकू येतं की नाही, ते तो सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटायला वेळ लागला, क्रेन फारशी फिरली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला केवलरामांनी मोळी बांधली, इशारा दिला आणि पाठ फिरवून चालू लागले. क्रेनवर देवेंद्र होता. त्याने हॉर्न दिला. लांब दिला. त्याने बटणावर हात दाबून धरलेला मला केबिनच्या काचेतून दिसला. पण माझं भोक बुजलेलं, चिपपाशी काहीच येत नव्हतं. मी पेटले नाही. केवलरामांनी वर पाहिलं नाही.

मोळीचं टोक त्यांच्या डाव्या खांद्याला लागलं. हेल्मेट उडून कन्व्हेयरखाली गेलं आणि मला फक्त त्यांची चप्पल दिसत राहिली. सेफ्टी शूज त्या आठवड्यात आलेच नव्हते.

ते वाचले. खांदा आणि दंड मोडला. दवाखान्यात मिलचा माणूस कागद घेऊन आला आणि त्यांच्या कानाशी ओरडला, "हॉर्न बजा था क्या?"

"नहीं बजा," केवलराम म्हणाले.

ते खोटं बोलले नाहीत. त्यांच्यासाठी हॉर्न म्हणजे मी. मी पेटले नाही म्हणजे हॉर्न वाजला नाही. पण कागदावर त्यातलं अर्धंच उतरलं. त्याच दिवशी देवेंद्रला क्रेनवरून उतरवलं. हॉर्न न देता मोळी हलवली, हा आरोप.

तुम्ही विचाराल, तू तर बहिरी झालीस, मग पुढचं कसं सांगतेस? सांगते कारण त्या घरात सगळे इतक्या मोठ्याने बोलतात, की ऐकावं लागत नाही. माझ्या तांब्याच्या रेघा थरथरतात. हेल्मेट कोणीतरी घरी पोचवलं होतं, आणि दवाखान्यातलंही मला तिथेच कळलं.

देवेंद्र घरी आला. दाराशीच उभा राहिला. "कका, आप ही बोलो ना. मैंने लंबा हॉर्न दिया था. पूरे शेड ने सुना. बोलने को कोई तैयार नहीं है, सबको ठेकेदार का डर है."

केवलरामांना ओठांवरून किती कळलं कोण जाणे. ते प्लास्टरकडे बघत राहिले. मोठेबाबांनी देवेंद्रच्या हातात चहा दिला आणि तो अर्धा पिऊन व्हायच्या आत त्याला दारापर्यंत पोचवलं. "जाँच चल रही है ना बेटा. सब ठीक होगा."

समृद्धी वळली. आत जाऊन तिने हेल्मेट काढलं, मोबाइलवर हॉर्न लावला. मी गप्प. पुन्हा लावला. हिरवा दिवा शांतपणे जळत होता. तिने मला भिंगाखाली धरलं. भोकात लाल ठिपका दिसला.

ती बाहेर आली. "बाबा! प्लेट पूजेत ठेवली होती?"

"ठेवली. रोजीरोटीची वस्तू हाय. कावून नाही ठेवायची?"

"ओलं लावू नका म्हटलं होतं ना मी?"

"ओलं कुठं? कुंकूच तं होतं."

मला वाटलं, आता भांडण जुंपेल. पण मी तिच्या मुठीत होते म्हणून कळलं, ती स्वतःशीच म्हणाली, "आणि तो हिरवा दिवा मी लावला. काय कामाचा होता तो? मलाच कसं सुचलं नाही?" ओरडणारी मुलगी अशी हळू बोलली की भीती वाटते.

मग मात्र तिने मान वर केली. "उद्या मिलमध्ये जाँच आहे. मी जाऊन सांगणार. हॉर्न वाजला होता."

"गप राह्य!" मोठेबाबा कडाडले. "बापाले चारचौघात खोटा पाडशील काय? त्याची नोकरी जाईन, इज्जत जाईन, ते वेगळं."

"आणि देवेंद्रभैयाची?"

"दुसऱ्याचं आपल्याले काय करायचं हाय?"

"मोठेबाबा, तुमी सगळ्यांनी कान दिले. ते तुमचे होते, दिले. देवेंद्रभैयाची नोकरी तुमची आहे काय द्यायला?"

केवलराम एकदा भावाच्या तोंडाकडे, एकदा तिच्या तोंडाकडे बघत होते. 'काय झालं' असं त्यांनी विचारलं, पण त्यांना कोणी सांगितलं नाही. वर्षानुवर्षं त्या घरात असंच चालत आलं होतं.

रेणूताई एवढा वेळ दाराला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "जा. पण उद्या बाबालेही बोलावलंय. जे बोलायचं ते त्यायच्या समोर बोल. मागून नको."

दुसऱ्या दिवशी मिलच्या ऑफिसात मॅनेजर, ठेकेदार, दोन कारकून, एका कोपऱ्यात देवेंद्र आणि खुर्चीवर केवलराम. समृद्धीने मला टेबलावर ठेवलं आणि सांगून टाकलं. हॉर्न वाजला होता. बाबांना ऐकू येत नाही. हे मला माहीत होतं. ही प्लेट मी बनवली. तिच्या माइकमध्ये कुंकू अडकलं, म्हणून ती पेटली नाही. देवेंद्रची काही चूक नाही.

एका दमात बोलली. बोलून झाल्यावर खोलीत सगळ्यांचे चेहरे बदलले. फक्त एक बदलला नाही. केवलराम तिच्या डाव्या बाजूला बसले होते आणि त्यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते. मग तिच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "काय म्हटलं वो तू यायले?"

समृद्धीला पुन्हा सांगायचं होतं. या वेळी मोठ्याने. त्यांच्या तोंडावर. सगळ्यांदेखत.

ती गुडघ्यांवर बसली, त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडली, "बाबा, मी सांगितलं, तुमाले ऐकू येत नाही!"

बाहेरच्या व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली.

केवलरामांनी कोपऱ्यातल्या देवेंद्रकडे पाहिलं. "देवेंद्रनं दाबला होता?"

"हो!"

"तुले कसं मालूम?"

"प्लेटीत कुंकू अडकलं, बाबा! तिला ऐकूच आलं नाही!"

त्यांनी उजव्या हाताने कपाळ चोळलं. मग मॅनेजरकडे वळले. "तो वैसाच लिख लो साहब. मेरे को सुनाई नहीं देता. बहुत साल हो गया."

मॅनेजरने लिहिलं नाही. हे लिहिलं तर ती सव्वीस 'ठीक' कोणी लिहिली, हा प्रश्न वर येणार होता. ठेकेदाराने त्याच्याकडे पाहिलं. मॅनेजरने पेनाला टोपण लावलं. "देखते हैं. पहले इस प्लेट को साफ करवा के देखेंगे, चलती है कि नहीं."

"साफ नहीं करना है!" समृद्धी ओरडली. "साफ किया तो चलेगी ही! फिर आप बोलोगे, प्लेट ठीक है, हॉर्न नहीं बजा!"

"मॅडम, आवाज नीचे. जाँच हम कर रहे हैं."

त्यांनी मला पारदर्शक पिशवीत घातलं. तिने झडप घालून त्या पिशवीवर मार्करने लिहिलं, 'साफ न करें', आणि मॅनेजरला सही मागितली. त्याने दिली नाही. जाताना तिने बाबांना आधार द्यायला हात पुढे केला. तो त्यांनी धरला नाही. दारात मात्र ते देवेंद्रपाशी थांबले आणि आपला एकच चालता हात त्याच्या खांद्यावर ठेवला. त्यानंतर बापलेकीत काय झालं, मला माहीत नाही.

आता मी ऑफिसातल्या काचेच्या कपाटात आहे. बॅटरी काढून घेतली आहे. कारकून रोज सकाळी फडक्याने कपाट पुसतो. त्याला नीटनेटकेपणाची फार आवड. काल त्याने माझी पिशवी उचलली, उलटीसुलटी करून बघितली, 'कुंकू लगा है' म्हणाला आणि परत ठेवली. उद्या ठेवेलच असं नाही.

म्हणून ज्याच्या हाती मी लागेन त्याला सांगते. मला कामाची म्हणून वाचवू नका. मला परत कोणाच्या हेल्मेटातही बसवू नका, माझ्या भरवशावर पुन्हा कोणी पाठ फिरवेल. फक्त माझ्या भोकातलं कुंकू काढू नका. ते श्रद्धेने लावलं होतं, त्याने घात केला, आणि आता तेवढंच खरं बोलतंय. इथून मला गेट दिसतं. देवेंद्र डबा घेऊन सकाळी येतो, वॉचमन 'नाही' म्हणून मान हलवतो, आणि तो तिथेच उभा राहतो.